ॲस्पिरिन
वेदना, ताप व दाह कमी करणारे आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे औषध. रासायनिक नाव ॲसिटिल सॅलिसिलिक अम्ल. जर्मनीतील बायर कंपनीने १८९९ मध्ये ते बाजारात आणले.

क्रिया : जठर व लहान आतड्यातून रक्तात शोषलेले औषध केवळ दुखऱ्या जागी न जाता शरीरभर पसरते. इजा झालेल्या ऊतींत सायक्लोऑक्सिजनेज या एंझाइमामुळे वेदना व सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिने बनतात. ॲस्पिरिन या एंझाइमाला ॲसिटिल गट जोडून ते कायमचे निकामी करते. प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती ॲस्पिरिनमुळे थांबते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते सहविजेते होते.

रक्ताच्या गुठळ्या बनवणाऱ्या बिंबिकांतील हे एंझाइमही ॲस्पिरिन निकामी करते. बिंबिकांना केंद्रक नसल्याने त्यांना नवे एंझाइम बनवता येत नाही. म्हणून हा परिणाम त्यांच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यभर टिकतो. हृदयरुग्णांना रोज ७५ मिलिग्रॅमची अल्प मात्रा पुरते, ती यामुळेच.

दुष्परिणाम : प्रोस्टाग्लँडिने जठराच्या अस्तराचे रक्षणही करतात. ती घटल्यास व्रण व रक्तस्राव संभवतो. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढत असल्याने, तसेच फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांत यकृत व मेंदूला घातक असा रे संलक्षण विकार उद्भवू शकत असल्याने, डॉक्टरांच्या सल्ल्याविना ॲस्पिरिन घेऊ नये.