शैक्षणिक अनुदान व शिक्षणस्वातंत्र्य

शैक्षणिक अनुदान व शिक्षणस्वातंत्र्य : खाजगी संस्था, व्यक्ती वा कुटुंबे यांनी चालविलेल्या शिक्षणकार्यास शासनाकडून मिळणारे अर्थसाहाय्य म्हणजे शैक्षणिक अनुदान होय. असे साहाय्य बहुधा सशर्त असते. अटी कोणी घालावयाच्या, त्यांची मर्यादा कोणती आणि अनुदान घेणाऱ्याचे स्वातंत्र्य त्यामुळे कितपत उरते, हा या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. महाराष्ट्रात त्याची चर्चा एकोणिसाव्या शतकापासून होत आली आहे.

प्रारंभ : ब्रिटिश अंमलापूर्वी महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षण पंतोजींच्या शाळांतून चाले. या शाळा शिक्षकाच्या वा एखाद्या सधन गृहस्थाच्या घरी, देवळात अथवा ओसरीवर भरत. मोडी वाचन-लेखन, हिशेब व तोंडी पाढे एवढाच त्यांचा अभ्यासक्रम असे. पालक पंतोजींना रोख रक्कम किंवा धान्य देत. मुंबई इलाख्यात १८२३ ते १८२५ या काळात झालेल्या पाहणीत अशा सु. १,७०० शाळा व सु. ३५,००० विद्यार्थी आढळले. या शाळांवर सरकारी नियंत्रण नव्हते. तथापि मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जाती त्यांच्या कक्षेबाहेर होत्या. पेशवाईतील दक्षिणा निधीचा काही भाग एल्फिन्स्टनच्या काळात शिक्षणाकडे वळविण्यात आला व त्यातून १८२१ मध्ये पुण्याचे संस्कृत विद्यालय निघाले. पुढे जोतीराव फुले यांच्या मुलींच्या शाळांनाही याच निधीतून काही साहाय्य मिळाले.

अनुदानपद्धतीचा स्वीकार : चार्ल्स वुड यांच्या १८५४ च्या खलित्याने अनुदानपद्धती हे शासनाचे अधिकृत धोरण ठरले. संस्थेने ऐहिक विषयांचे चांगले शिक्षण द्यावे, तिचे व्यवस्थापन भरवशाचे असावे, तिने सरकारी तपासणी मान्य करावी आणि विद्यार्थ्यांकडून थोडी तरी फी घ्यावी, या त्यातील प्रमुख अटी होत. धर्मशिक्षणात शासनाने हस्तक्षेप करू नये, असेही तत्त्व त्यात होते. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खाते सुरू झाले. १८६० नंतरच्या दशकात इंग्लंडच्या धर्तीवर परीक्षेच्या निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत येथे आली. तपासनीसाच्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर शाळेचे उत्पन्न ठरू लागल्याने अध्यापन परीक्षेच्या चौकटीत बसविले गेले. खात्याने पाठ्यक्रम सक्तीने लादण्याची गरज उरली नाही. शाळा तो आपण होऊन स्वीकारू लागल्या. १९०४ च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावानंतर ही पद्धत मागे पडली.

हंटर आयोग व फुले यांची भूमिका : १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपवावे आणि माध्यमिक शिक्षणाचा विस्तार खाजगी संस्थांकडून अनुदानाच्या साहाय्याने व्हावा, अशी शिफारस केली. याच आयोगापुढे फुले यांनी निवेदन सादर केले. शेतकऱ्यांच्या कराचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, याकडे लक्ष वेधून किमान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. या भूमिकेमुळे वादाची दुसरी बाजू पुढे आली. शासनाने शिक्षणातून अंग काढून घेतल्यास ज्यांच्याजवळ साधने आहेत त्यांचे स्वातंत्र्य वाढते, ज्यांच्याजवळ ती नाहीत त्यांचे शिक्षणच थांबते.

राष्ट्रीय शिक्षणाचे प्रयोग : विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर आदींनी १८८० पासून पुण्यात उभारलेले न्यू इंग्लिश स्कूल, डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४) व फर्ग्युसन महाविद्यालय (१८८५) यांनी खाजगी प्रयत्नांची ताकद दाखविली, मात्र विद्यापीठाच्या परीक्षांची चौकट त्यांनाही स्वीकारावी लागली. बंगालमधील १९०५ च्या कार्लाईल परिपत्रकाने, विद्यार्थ्यांना राजकारणापासून दूर न ठेवणाऱ्या शाळांचे अनुदान काढून घेण्याचा इशारा दिला. अनुदान हे शिस्तीचे साधन बनू शकते, हे यातून उघड झाले. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या समर्थ विद्यालयाने (१९०६) सरकारी मदतीविना राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग केला, परंतु तळेगाव येथील हे विद्यालय १९१० मध्ये सरकारने बंद केले. अनुदान नाकारल्याने अटी टळतात, सत्तेचा हात टळतोच असे नाही. धोंडो केशव कर्वे यांचे महिला विद्यापीठ (१९१६) मात्र सरकारी मान्यतेवाचून देणग्यांवर व वर्गणीवर टिकले आणि मातृभाषेतून उच्च शिक्षण देऊ शकले. त्याला वैधानिक मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचे (१९१९) अनुदान १९४८ मध्ये स्वकीयांच्याच राजवटीत राजकीय मतभेदांमुळे रोखण्यात आले. लोकांच्या मदतीवर शाळा चालू राहिल्या व पुढे अनुदान पूर्ववत झाले.

स्वातंत्र्योत्तर काळ : संविधानाच्या अनुच्छेद ३० अन्वये अनुदान देताना अल्पसंख्याकांच्या संस्थांबाबत भेदभाव करण्यास शासनाला मनाई आहे. महाराष्ट्रात वेतन अनुदानामुळे ग्रामीण भागात माध्यमिक शाळांचे जाळे पसरले व शिक्षकांना नियमित वेतन मिळू लागले. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीच्या १९७७ च्या अधिनियमाने त्यांना संरक्षण लाभले, त्याचबरोबर संस्थाचालकांचे अधिकार मर्यादित झाले. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना परवानगी देण्याचे धोरण आले. २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला. दरम्यान अनेक शिक्षकांनी वर्षानुवर्षे अत्यल्प वेतनावर काम केले. २०१२ च्या अधिनियमाने स्वयंअर्थसहाय्यित शाळांची वाट खुली झाली. तेथे व्यवस्थापनाचे स्वातंत्र्य अधिक असले, तरी त्याचा भार फीच्या रूपाने पालकांवर पडतो.

गृहशिक्षण : शाळेत न घालता मुलांना घरीच शिकविणारी कुटुंबे महाराष्ट्रातही आहेत. भारतात त्यांना शासकीय अनुदान मिळत नाही. मुक्त विद्यालयाच्या परीक्षा किंवा खाजगीरीत्या देता येणारी शालान्त परीक्षा हा त्यांचा प्रमाणपत्राचा मार्ग होय. न्यूझीलंडमध्ये अशा कुटुंबांना भत्ता मिळतो, पण त्यासाठी पालकांना ठरावीक काळाने प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात शैक्षणिक खात्यातून निधी घेणारे पालक राज्याशी करार करतात. कायद्याच्या दृष्टीने ते गृहशिक्षण देणाऱ्या कुटुंबांहून वेगळे गणले जातात.

मूल्यमापन : अनुदान व स्वातंत्र्य यांत अपरिहार्य विरोध आहे, असे या इतिहासावरून म्हणता येत नाही. अटी अगोदर जाहीर, मर्यादित व सर्वांना समान असतील आणि अनुदान रोखण्याचा निर्णय न्यायालयीन तपासणीस पात्र असेल, तर संस्थेचे स्वत्व टिकू शकते. अनुदान हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असल्यास लहानशी रक्कमही संस्थेला परावलंबी करते. अनुदानाच्या पूर्ण अभावी मिळणारे स्वातंत्र्य मात्र ज्यांना ते परवडते त्यांच्यापुरतेच राहते.