गण कुणाचा?

गेल्या १४ एप्रिलला वस्तीत कार्यक्रम होता. मी माझी कविता म्हटली. तीच, गेली तीन वर्षं म्हणतोय ती. तिच्यात शिव्या आहेत, आग आहे, मनूची होळी आहे. शेवटची ओळ तोंडातून निघायच्या आधीच टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. खाली उतरलो तर ढोलकी घेऊन बसलेले आमचे म्हातारे शाहीर म्हणाले, “पोरा, ओळीच्या आधी टाळी आली. म्हंजी लोकांना तुझं गाणं पाठ झालं. आता नवं काय तरी कर, न्हाईतर गप बस.”

ते बोलणं लागलं. त्या रात्री साच्यावर तुटके धागे सांधत होतो आणि डोक्यात तेवढंच. नवं करायचं म्हणजे काय करायचं?

‘प्रयोग’ हा शब्द पांढरपेशांनी आपल्या नावावर करून घेतलाय. त्यांनी न कळणारं लिहिलं की प्रयोग. आपण लिहिलं की आक्रोश, नाहीतर प्रचार. जणू आपल्या माणसाला फक्त दुःख असतं, डोकं नसतं. हे खोटं आहे. आपल्या लोकांनी या भाषेत केवढे प्रयोग केलेत ते बघायचं असेल तर एकच गोष्ट धरा. तमाशातला गण.

तमाशाची जुनी रीत ठरलेली. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. गणात गणपतीला नमन. हा तमाशा नाचवला, गाजवला कुणी? महारांनी, मांगांनी, कोल्हाट्यांनी. म्हणजे ज्या देवाच्या देवळाची पायरी चढायला बंदी, त्याच देवाला आधी हात जोडायचे आणि मग पोटासाठी नाचायचं. पिढ्यान् पिढ्या हे चाललं. रीत म्हणून चाललं.

पहिला धक्का जोतीराव फुल्यांनी दिला. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं. भट एका अडाणी कुणबी जोडप्याला कसा लुबाडतो ते दाखवलं आणि मधे विदूषक उभा केला. तो भटाची अब्रू लोकांसमोर काढतो. १८६९ ला त्यांनी शिवाजीचा पोवाडा लिहिला, १८७३ ला सत्यशोधक समाज काढला. पुढे त्या चळवळीचे जलसे निघाले. ढोलकी तमाशाचीच, पण मार भटजी-शेटजीवर. त्यानंतर १९२७ चं महाड झालं, १९३० चं काळाराम झालं, आणि भीमराव कर्डकांसारखे शाहीर गावोगाव आंबेडकरी जलसे घेऊन फिरू लागले. जिथं गणपती होता तिथं आता भीमाला वंदन. सांगाडा जुना, आत माणूस नवा.

या वाटेवर अण्णा भाऊ साठे आले. १ ऑगस्ट १९२० चा जन्म, वाटेगावच्या मांगवाड्यातला. शाळा दीड दिवसाची. बापाबरोबर पायी मुंबई गाठली. कोळसे वेचले, हमाली केली, गिरणीत राबले. दुकानाच्या पाट्या वाचत अक्षरं जुळवली. नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशात काम केलं. हे महत्त्वाचं आहे. अण्णांनी तमाशा पुस्तकात वाचला नाही, अंगावर घेतला. गिरणीत आम्ही म्हणतो, साचा चालवता येतो त्यानंच तो खोलावा. नुसता पाना घेऊन आलेला माणूस साचा बिघडवतो.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. मग अण्णांनी साचा खोलला. गणातला गणपती काढला. त्या जागी मायभूमी आली, शिवाजीराजा आला, राबणारा माणूस आला. गौळण काढली. बाईच्या अंगावर शिट्ट्या मारायला लोक येतात, ते त्यांना नको होतं. पण सोंगाड्या ठेवला. बतावणी ठेवली. ढोलकी, तुणतुणं ठेवलं. कारण दिवसभर राबलेला माणूस भाषणाला झोपतो, सोंगाड्याला जागा राहतो. काय काढायचं आणि काय ठेवायचं, दोन्हीला कारण होतं. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेठजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ ही त्यातूनच झालेली लोकनाट्यं. स्वातंत्र्यानंतर याच कलापथकावर बंदी आली. आलेल्या सरकारलाही कळलं होतं की ही नुसती करमणूक नाही.

पोवाड्याचं तेच. अज्ञानदासानं अफजलखानाच्या वधाचा पोवाडा गायला, तुळशीदासानं तानाजीचा. पोवाडा म्हणजे आपल्या मुलखातल्या वीराचा. अण्णांचं सुरवातीचं एक गाणं माटुंग्याच्या लेबर कॅम्पातल्या डासांवर होतं. आणि १९४३ ला तोच माणूस स्टालिनग्राडचा पोवाडा लिहितो. न पाहिलेलं शहर, न ऐकलेली भाषा. पण तिथं घराघरातून लढणारा कामगार त्यांना ओळखीचा वाटला, म्हणून डफ त्याच्यासाठी वाजवला. डास ते स्टालिनग्राड, ही वाढ कुठल्या कॉलेजात झाली? लेबर कॅम्पात झाली.

आणि ‘माझी मैना’ घ्या. छक्कड आहे ती. लावणीच्या घरातली. लावणीत विरह बहुतेक बाईचा, ती राघूची वाट बघते. अण्णांनी विरह गड्याच्या तोंडी दिला. पोटासाठी मुंबईला आलेला गडी, गावाकडं राहिलेली त्याची बायको. ऐकणारा गिरणगावातला माणूस रडणारच, त्याचीच गोष्ट ती. त्याचं काळीज असं ओलं झाल्यावर अण्णा हळूच वळण घेतात, की मैना जशी दूर राहिली तसेच बेळगाव, कारवार महाराष्ट्रापासून तुटून राहिले. संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा त्यांनी माणसाच्या संसारात आणून ठेवला. १ मे १९६० ला राज्य झालं, बेळगाव-कारवार बाहेरच राहिले, म्हणून गाणं अजून बोचतं. याला प्रचार म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. असा प्रचार करून दाखवा.

इथवर अण्णा थांबले असते तरी मोठे होते. हजारोंच्या सभा त्यांच्या एका तानेवर उठत होत्या. पण ‘स्मशानातील सोनं’ वाचा. तिथं ना डफ, ना घोषणा. वारणेकाठचा भीमा मुंबईला येतो, खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. मग तो मढ्यांच्या राखेतून सोनं शोधतो, कोल्ह्यांशी झुंजतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि जातात. त्याच दिवशी कळतं, खाण पुन्हा सुरू झाली. बस्स. लेखक पुढं भाषण करत नाही. सभा हलवणारा शाहीर इथं गप बसायला शिकलाय. मला वाटतं हाच त्यांचा सगळ्यात अवघड प्रयोग. टाळी सोडून देणं.

१९५९ ला ‘फकिरा’ आली. सरकारनं गुन्हेगार ठरवून हजेरीला उभी केलेली जात, आणि तिच्यातला दुष्काळात धान्य लुटून लोकांना जगवणारा माणूस. ती कादंबरी अण्णांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपल्यात अजून भांडण चालतं, अण्णा लाल की निळे? लाल बावट्याखाली उभा राहिलेला माणूस आपल्या जातीच्या जखमेपर्यंत पोचला, आणि लाल बावटाही त्यानं टाकला नाही. ही वाढ आहे. वाढणाऱ्या माणसाला एका रंगाच्या डब्यात कोंबायची घाई कशाला?

सगळंच जमलं असंही नाही. काही कादंबऱ्या घाईत लिहिल्यात. नायक फारच देखणा, फारच शूर, योगायोग सिनेमातल्यासारखे. पोटासाठी लिहिणाऱ्याला उसंत कुठली? १८ जुलै १९६९ ला ते गेले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. हयातभर गरिबी सुटली नाही. पण फसायची भीती धरून ते एका जागी बसले नाहीत. आपण त्यांचा फोटो लावतो, हार घालतो आणि नेमकं हेच विसरतो.

कारण आता बघा काय झालंय. गण आपण बदलला, पण बदललेला गणही गोठला. माईक हातात आला की वंदन, मग ठरलेल्या चार शिव्या, ठरलेला सूर्य, ठरलेली मशाल. ज्या रीतीविरुद्ध आपले आजे-पणजे उठले तशीच एक रीत आपण तयार केली. बाबासाहेबांचं नाव घ्यायचं आणि डोकं चालवायचं नाही, यापेक्षा त्यांचा मोठा अपमान कुठला? हे मी दुसऱ्याला सांगत नाही. माझी कविता त्यातलीच होती.

मी ती बाजूला ठेवली. यंदा १ ऑगस्टला एक बतावणी केली. रात्रपाळीच्या दाराशी उभे दोन बदली कामगार, काम एकालाच आहे, आणि दोघंही आपल्याच वस्तीतले. त्यात मनू नव्हता, मशाल नव्हती. गण कुणाचा म्हणावा ते सुचेना, म्हणून म्हटलाच नाही. सुरवातीला लोक नुसते बघत राहिले. एकही टाळी नाही. मला घाम फुटला. मग मागं बसलेल्या बायांतून एकजण हसली, जिथं मी हसू धरलंच नव्हतं तिथं. आणि शेवटी कुणी टाळी वाजवली नाही, पण उठलंही नाही.

शाहीर ढोलकीला गवसणी घालत होते. म्हणाले, “कच्चं हाय. पण तुझं हाय. दुसरा गडी खोटा बोलतूय, त्यो नीट कर.”

तो दुसरा गडी मी अजून नीट करतोय. गणाची जागा मोकळीच ठेवलीय.