वाक्याचा कर्ता कोण?

व्याकरणाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न विचारतो तो कर्त्याचा: क्रिया कोण करतो? अमेरिकेच्या नागरी हक्कांच्या इतिहासात याच साध्या प्रश्नावर अनेक दावे फेटाळले गेले आहेत.

यादवी युद्धानंतर, १८६८ साली, अमेरिकेच्या राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती झाली. कोणतेही राज्य कोणाही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही, असा तिचा आशय. वाक्याचा कर्ता 'राज्य'. हॉटेलमालक किंवा रेल्वे कंपनी त्या वाक्यात नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १८७५ साली काँग्रेसने हॉटेले, नाटकगृहे आणि सार्वजनिक वाहने सर्व वर्णांच्या लोकांना खुली करणारा कायदा केला. १८८३ साली पाच खटल्यांचा एकत्र निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली यांचा युक्तिवाद असा, की दुरुस्तीने बांधले आहे ते राज्याला. खाजगी माणसाचा अन्याय तिच्या कक्षेत येत नाही. एकटे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन असहमत होते. रेल्वे आणि हॉटेल ही सार्वजनिक कार्येच करतात, असे त्यांचे म्हणणे.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ही दारे उघडली खरी. पण न्यायालयाने तो उचलून धरला तो आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याच्या काँग्रेसच्या अधिकारावर. समतेला व्यापाराच्या दाराने आत यावे लागले! घटनात्मक हक्कांसाठी दाद मागण्याचा १८७१ चा कायदा मात्र आजही विचारतो, की प्रतिवादीने राज्याच्या अधिकाराच्या आधारे कृती केली होती काय? तसे दाखवता आले नाही, तर साक्षीपुराव्याआधीच दावा निकालात निघू शकतो. अन्याय झाला नाही असे न्यायालय म्हणत नाही. तो राज्याने केलेला नाही, एवढेच म्हणते. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाचे कृष्णवर्णीय सदस्य लेरॉय अर्विस यांना एका खाजगी क्लबने खाद्यपेय नाकारले. क्लबला मद्यविक्रीचा सरकारी परवाना होता. केवळ त्यामुळे भेदभाव राज्याचा ठरत नाही, असे १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

हा वाद आपल्यालाही परका नाही. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात स्पृश्यांनी तळे खाजगी असल्याचा मुद्दा पुढे केला होता. तो वाद मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने संपला. ज्यांच्याविरुद्ध तो दावा होता ते डॉ. आंबेडकर पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. आपल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या पहिल्या खंडात कर्ता 'राज्य' आहे. दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी यांचा उल्लेख येतो आणि तेथे राज्य हा कर्ता उरत नाही. सतराव्या अनुच्छेदात तर अस्पृश्यता नष्ट केल्याचे सांगताना कर्ताच नाही. ती पाळणारा कोणीही असो, निषेध त्याला लागू होतो.

कर्मणी प्रयोगाने जबाबदारी झाकली जाते, असे आम्ही वर्गात शिकवत आलो. येथे मात्र कर्ता गाळल्यामुळेच जबाबदारी सर्वांवर आली. घटना वाचताना हे व्याकरण विद्यार्थ्यांना दाखवायलाच हवे.