चारसोबीस : कलम गेलं, शिवी राहिली

आजचा विषय वाचून एक-दोघांनी आधीच विचारलं, "शिवीवर व्याख्यान, आणि तेही इतिहासाचं?" तर हो. पण घाबरू नका. आज घेतलेली शिवी घरात, मुलांसमोरही चालते. तिच्यात आई-बहीण नाही, जनावर नाही, जात नाही. नुसता आकडा आहे. चारसोबीस.

आकड्यांनी माणसाला नावं ठेवणं मराठीला नवीन नाही. दीडशहाणा आपला जुनाच. दोघांचं पटत नसलं की छत्तीसचा आकडा, कारण तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात. पण हे आकडे लोकांनी घडवले. चारसोबीस सरकारने छापून दिला. आणि गंमत बघा, मराठीत हा आकडा खरं तर "चारशे वीस". पण "तो अगदी चारशेवीस आहे" असं म्हटलं तर शिवीला वजनच राहत नाही. आपण ती हिंदी उच्चारासकट उचलली आणि वर "चारसोबीसी" हे नामही वापरायला लागलो.

आता कायद्याकडे येऊ. भारतीय दंडसंहितेचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली तयार केला. तो वीसेक वर्षं पडून राहिला. मधे सत्तावनचं बंड होऊन गेलं, मग १८६० साली कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२पासून लागू झाला. त्यात कलम ४१५मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. ४२० त्यातला गंभीर प्रकार सांगतं: फसवून, अप्रामाणिक हेतूने, समोरच्याला त्याची मालमत्ता हवाली करायला लावणं. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद, आणि दंड.

"हवाली करायला लावणं" या शब्दांपाशी जरा थांबू या, कारण शिवीचा सगळा जीव तिथे आहे. दरोडेखोर हिसकावून घेतो. खिसेकापू नकळत काढतो. चारसोबीस माणसाला मात्र आपण स्वतःच्या हाताने देतो, वर त्याला चहा पाजतो. म्हणून ही शिवी देणाऱ्याच्या आवाजात रागाबरोबर थोडी खजिली असते, आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही. उसने घेतलेले पैसे फेडता आले नाहीत, एवढ्याने माणूस चारसोबीस होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे कितीदा तरी सांगितलंय: वचन देतानाच ते मोडायचा बेत असला पाहिजे. तरीही धंद्यातला साधा उधारीचा वाद पोलीस ठाण्यात नेऊन "चारशेवीस लावा" म्हणणारे कमी नाहीत.

हा आकडा फाळणीने तुटला नाही. पाकिस्तानात आणि बांगलादेशात तीच दंडसंहिता चालू राहिली, तेच कलम राहिलं, म्हणून कराचीतही चारसोबीस म्हटलं की कळतं. नायजेरियात याच्या शेजारचा आकडा आहे. तिथल्या फौजदारी संहितेतलं फसवणुकीचं कलम ४१९, आणि तिथे ठकाला "फोर वन नाइन" म्हणतात. (अमेरिकेतल्या तरुण श्रोत्यांनी हसू नये; तुमच्याकडच्या ४२०चा गांजाशी संबंध आहे, आमच्याकडच्याचा पैशाशी.)

शिवी कोर्टाच्या आवारातून घराघरात पोचायला सिनेमाने मोठा हात दिला. १९५५ साली राज कपूरचा "श्री ४२०" आला. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची, पटकथेत त्यांच्याबरोबर व्ही. पी. साठे. या जोडीचंच चार वर्षं आधीचं काम म्हणजे १९५१चा "आवारा". ते नावसुद्धा शिवीच. "आवारा"मधले न्यायाधीश रघुनाथ मानतात की चोराचा मुलगा चोर होणार आणि सभ्य माणसाचा मुलगा सभ्य. सगळा चित्रपट या एका मताशी भांडतो. हे रघुनाथ लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्याकडे परत यायचंय.

"श्री ४२०"मधला राज बी.ए. होऊन अलाहाबादहून मुंबईला येतो. काम मिळत नाही. प्रामाणिकपणाबद्दल मिळालेलं पदक तो गहाण टाकतो. फुटपाथवरची माणसं त्याला आसरा देतात. त्यातली केळेवाली आपल्या ललिता पवार! त्यांना खाष्ट सासू म्हणून ओळखणाऱ्यांनी ही भूमिका मुद्दाम बघावी. मग राज पत्त्यांच्या चलाखीतून वर चढतो आणि शेठ सोनाचंद धर्मानंद यांच्या हाताखाली येतो. नावातच सोनंही आहे आणि धर्मही. शेठची योजना अशी की गरिबांनी शंभर रुपये भरायचे, त्यांना पक्कं घर मिळणार. लोक फुटपाथवरची शिल्लक आणून देतात. स्वतःच्या हाताने. कलम ४२० शाळेत शिकवायचं असेल तर याहून सोपं उदाहरण सापडायचं नाही.

आणि शीर्षकातला "श्री" फुकटचा नाही. आकडा लावायचा तो फाटक्या चपलेच्या पोराला, आणि "श्री" लावायचा तो शेठजींना, ही आपली रीत. सिनेमाने दोन्ही एकाच माणसाला लावले आणि प्रेक्षकाला विचारात पाडलं, की हा माणूस कोण, राज की सोनाचंद? सोव्हिएत रशियात हा सिनेमा "गोस्पोदिन ४२०" या नावाने चालला. तिथल्या प्रेक्षकाला आपली दंडसंहिता कुठून ठाऊक असणार? पण शेठ त्याला बरोबर ओळखू आला असणार.

पुढे आकडा हलकाफुलका झाला. १९९७च्या "चाची ४२०"मध्ये कमल हासन नऊवारी नेसून लक्ष्मी गोडबोले होतो. लबाडी आहे, पण मुलीला भेटण्यासाठी. तोवर चारसोबीस लाडानेही म्हणता येऊ लागलं होतं. नातवंडाने पत्त्यांत फसवलं की आजी म्हणते तसं.

आता रघुनाथांकडे येतो. दंडसंहितेनंतर अकरा वर्षांनी, १८७१ साली, त्याच सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. दंडसंहिता विचारते, तू काय केलंस? हा कायदा विचारत होता, तू कुणाच्या पोटी जन्मलास? आधी उत्तरेत आणि १९११च्या कायद्याने आपल्याकडेही, अख्ख्या जमातींची नावं रजिस्टरात गेली. हजेरी लागे, गाव सोडायला परवाना लागे. सोलापुरात अशांसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती; त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. "आवारा" लागला तेव्हा रघुनाथांचं मत देशाच्या कायद्यात जिवंत होतं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला.

म्हणजे एकाच राजवटीने आपल्याला दोन तऱ्हेच्या शिव्या दिल्या, किंवा जुन्यांवर शिक्का मारला. चारसोबीस कुणालाही लागते, केलेल्या कामामुळे लागते, आणि काम सोडलं की निघते. "उचल्या" तशी निघत नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपल्या आत्मकथेला तेच नाव दिलं, पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि मराठी वाचकाला पहिल्यांदा कळलं की ही शिवी एखाद्या घराचा पत्ता असू शकते.

"भामटा"चं काय? महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा आणि राजपूत भामटा ही नावं आहेत. मुलाला शाळेत सवलत हवी तर हे नाव दाखल्यावर छापून घ्यावं लागतं. आणि सकाळच्या पेपरात मथळा असतो, "भामट्याने वृद्धेला गंडवलं", "ऑनलाइन भामट्यांपासून सावध". लिहिणाऱ्याच्या मनात काही नसतं, मला मान्य आहे. पण दाखला आणि पेपर एकाच टेबलावर असलेली घरं आहेत.

१ जुलै २०२४पासून दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. फसवणूक आता कलम ३१८मध्ये, आणि जुनं ४२० म्हणजे ३१८ची चौथी उपकलमं. वकील मंडळी अजून चुकून जुना आकडा बोलतात. मागच्या रांगेतून प्रश्न आलाय, की पेपरवाल्यांनी भामटा लिहायचं नाही तर मग लिहायचं काय. ठक आहे, लबाड आहे, तोतया आहे. आणि कलम गेलं असलं तरी चारसोबीस आहेच.