पाणी गेले, तेल आले

काटेवाडीहून इंदापूरच्या वाटेला लागले की भवानीनगरचा साखर कारखाना लागतो. उसाचा रस काढणारे कारखान्यातले अजस्र रूळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. अशा वरच्या रुळावर दाब ठेवतात तो पुष्कळदा तेलाचा. ट्रॅक्टरचा नांगर उचलतो तोही तेलाचाच दाब. या व्यवस्थेला आपण हायड्रॉलिक म्हणतो. गंमत अशी, की हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ पाणी!

आरंभी होतेही पाणीच. १७९५ साली जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने दाबयंत्राचे पेटंट घेतले, ते पाण्यावर चाले. १८९४ साली खुला झालेला लंडनचा टॉवर ब्रिजही पाण्याच्या दाबावर उघडे. पण पाण्याने लोखंड गंजते, आणि ते वंगणाचे काम करीत नाही. म्हणून विसाव्या शतकात खनिज तेल आले. यंत्रे सुधारली, पण पाणी विझवते आणि तेल पेटते, हा फरक लोक विसरले.

त्याची किंमत ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जममधील मार्सिनेलच्या कोळसा खाणीत मोजावी लागली. पाळण्यात अर्धवट अडकलेल्या वाघिणीमुळे विजेच्या तारा, दाबाखालच्या तेलाची नळी आणि हवेची नळी एकदमच तुटली. आग भडकली. २६२ खाणकामगार मेले. त्यांतले १३६ जण पोटासाठी आलेले इटालियन होते.

आता विचाराल, भांड्यातले असले तेल तर काडीने चटकन पेटत नाही. मग असे कसे झाले? बाभळीचा ओंडका काडीने पेटतो का? नाही. पण त्याच्याच ढलप्या पेटतात. दाबाखालचे तेल बारीक भोकातून उडाले की त्याचे धुके होते, आणि ते ठिणगीने किंवा तापलेल्या लोखंडाने भडकते.

यावर उपाय म्हणून निराळे द्रव निघाले. काही पाण्यात थोडे तेल मिसळलेले, काही तेलात पाणी घातलेले, काही पाणी व ग्लायकॉलचे. विमानांत फॉस्फेट एस्टर वापरतात. हे सहज पेटत नाहीत. मात्र 'अजिबात जळत नाहीत' असे समजू नका. शिवाय मनाला येईल तो द्रव कोणत्याही यंत्रात ओतू नये. फॉस्फेट एस्टरने साधे रबरी वायसर खराब होतात. यंत्राच्या पुस्तकात सांगितला असेल तोच घालावा.

आपल्या शेतावरच्या यंत्रांत बहुधा खनिज तेलच असते. ऊसतोडणी यंत्राभोवती वाळलेले पाचट असते आणि इंजिन तापलेले असते. म्हणून झिजलेली नळी वेळेवर बदला, इंजिनावरचे पाचट रोज झाडा. गळती हाताने चाचपू नका. दाबाचे तेल कातडी भेदून आत शिरते. शिक्षकांनी मुलांना ओंडका आणि ढलपी यांचा दाखला जरूर द्यावा. नळीची किंमत थोडी असते, माणसाची नसते.