चितारओळीतले रंग

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. हरताळात आर्सेनिक, शेंदरात शिसं. नागपूरच्या महाल भागातल्या चितारओळीत देव रंगवले जायचे त्या जुन्या रंगपेटीत हे तिघंही होते. जोडीला गेरू, काजळी, नीळ. म्हणून ‘पूर्वीचे रंग नैसर्गिक, त्यामुळे निर्धोक’ असं कुणी म्हटलं की मी त्याला तिथंच अडवते. जन्म महालातला, नोकरी रसायनशास्त्र शिकवण्याची. खाणीतून आलं म्हणून आर्सेनिक सौम्य होत नाही, हे मला सांगावंच लागतं.

पुढे कारखान्यातले रंग आले. हरताळाच्या जागी क्रोम पिवळा बसला, म्हणजे आर्सेनिक गेलं आणि शिशासोबत क्रोमियम आलं. मग डबाबंद ऑइलपेंट, चमकी, सोनेरी पूड. स्वस्त, झळझळीत, एका हातात झाकणारे. गिऱ्हाईक तेच मागू लागलं, मूर्तिकारानं काय करावं?

आमच्या घरामागे एक म्हातारे कारागीर होते, आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. डोळ्यांची आखणी ते स्वतःच करायचे. कुंचला रंगात बुडवायचा, ओठांत धरून टोक काढायचं, श्वास रोखून बुबुळ ओढायचं आणि पुन्हा ओठांत. बाजूला सुना अंगरख्याला पिवळा हात देत बसायच्या, पोरं मुकुटावर पूड भुरभुरायची. त्याच हातांनी भाकरी.

जिनिव्हात 1921 साली पांढऱ्या शिशाच्या रंगाबाबत आंतरराष्ट्रीय करार झाला. इमारतींच्या आतल्या रंगकामात तो रंग काही अपवाद सोडून बंद करायचा आणि औद्योगिक रंगकामात जिथं तो वापरला जातो तिथं बायकांना व अठराच्या आतल्या पोरांना लावायचं नाही, असं त्यात ठरलं. तिथं विचार रंगवणाऱ्याचा होता.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2010 मध्ये मूर्ती विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, मे 2020 मध्ये ती कडक केली: पीओपी नको, विषारी रासायनिक रंग नकोत. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पीओपीच्या मूर्ती घडवायला वाट दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला तेव्हा मनाई ठेवली. गांधीसागर तलावाच्या काठी वाढलेल्या मला हे सगळं मोलाचं वाटतं. पण या साऱ्याचा रोख पाण्याकडे आहे. कृत्रिम टाक्यानं तलाव वाचतो. आखणी करणाऱ्याचे ओठ वाचत नाहीत.

त्यांच्या कामाचा नियम दुसराच आहे. नोव्हेंबर 2017 पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त चालत नाही, आणि तसं डब्यावर छापावं लागतं. मंडपात डोकावणाऱ्या तपासणी पथकानं आधी चितारओळीत यावं, उघडे डबे आणि सुट्या पुड्यांचे नमुने घ्यावेत. तेही पोळ्याच्या आधी, कारण त्यानंतर रंग लागलेला असतो.