पेशवाईतील प्रायश्चित्त

पेशवाईच्या अमदानीत पातकाचा निकाल एकट्या दिवाणात लागत नसे. गुन्हेगारीची रक्कम सरकारात भरली म्हणजे राजदंड फिटे. परंतु ज्याच्या हातून गोहत्या वा ब्रह्महत्या घडली, तो मनुष्य स्वजातीच्या पंगतीला मुकलेलाच राही, आणि तेथे त्याचे पान पुन्हा मांडले जावे यासाठी ब्रह्मदंड व गोतदंड त्याच्यापुढे उभे असत. पैठण, नाशिक, कऱ्हाड, वाई अशा क्षेत्रांच्या ब्रह्मसभेपुढे त्याने आपले पातक स्वमुखाने सांगावयाचे, क्षौर करून भस्म, गोमय व मृत्तिका लावून स्नान करावयाचे, पंचगव्य प्राशन करावयाचे. मग गोतपंगत होई, आणि ज्या भाऊबंदांनी त्याचे पाणी वर्ज्य केले होते तेच त्याच्या शेजारी बसून घास उचलीत.

प्रायश्चित्ताचे माप शास्त्राने काटेकोर ठरविले होते. प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचे: तीन दिवस केवळ सकाळी जेवावयाचे, तीन दिवस केवळ रात्री, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच खावयाचे आणि शेवटचे तीन दिवस निराहार राहावयाचे. ज्याला हे झेपत नसे, त्याला प्रत्याम्नाय म्हणून एक गाय, अथवा गाईचे मोल, देण्याची मुभा होती. याच हिशेबाने ब्रह्महत्येचे द्वादशाब्द व्रत, ज्यात पातक्याने अरण्यात कुटी बांधून, हाती कवटी घेऊन भिक्षेवर दिवस कंठावयाचे, ते ३६० प्राजापत्यांच्या, म्हणजे ३६० गाईंच्या बरोबरीचे ठरे. वृद्ध व रोगी यांच्याविषयीची करुणा या सवलतीत होती हे खरे. पण सधन माणसाला एक रात्रही तळमळत न काढता पातकातून मोकळे होण्याची वाटही तिनेच करून दिली. मनूला हा धोका दिसला असावा. त्याने पातक उघड सांगणे आणि अनुताप यांना तप व अध्ययन यांच्याही आधी स्थान दिले, आणि दानाला केवळ आपत्कालापुरती जागा ठेवली.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला, आणि तपासाअंती न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष नारायणरावांचे चुलते रघुनाथराव यांच्यावर ठेवला. ग्रँट डफच्या इतिहासात आलेला वृत्तांत असा की, याचे प्रायश्चित्त काय, असे खुद्द रघुनाथरावांनीच विचारले. शास्त्रीबुवांनी देहान्त सांगितला. पण त्या निर्णयाला त्यांनी जोडलेले कारण मला त्या निर्णयाहूनही थोर वाटते. यापुढचे आयुष्य तुम्ही सुधारून काढाल असा संभव नाही, म्हणून प्राण देण्यावाचून दुसरी निष्कृती नाही, असा त्यांचा आशय होता. गाईंचा हिशेब त्यांनी मांडला नाही. अपराध्याच्या हाती उरलेल्या दिवसांचे तो काय करील, एवढेच पाहिले. रघुनाथराव कारभारावर आहेत तोवर पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असे सांगून ते वाईजवळच्या एका खेड्यात निघून गेले, आणि पुढे रघुनाथरावांना दूर सारणाऱ्या बारभाईंच्या कारभारातच न्यायासनावर परतले.

रघुनाथरावांनी ना देह ठेवला, ना वर्तन पालटले. वधाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेच्या तहाने साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. ही वसई १७३९ साली त्यांचेच चुलते चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली होती.